बेंबीच्या वर पाच बोटं

निंबखेड्याच्या इमामबीला स्वतःचं वय ठाऊक नव्हतं, पण गावातल्या कुठल्या बाईचं पोर पोटात किती महिन्यांचं झालंय, हे ती झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायची. बदनापूरपासून अडीच कोसांवरच्या या गावात तिनं तीस वर्षं बाळंतपणं केली. नवरा नजीर कापूस पिंजायचा, तो लवकरच अल्लाला प्यारा झाला. मुलगा अजमत जालन्याच्या जिनिंगात कामाला लागला आणि तिथंच राहू लागला. घरात उरल्या दोघी, इमामबी आणि तिची सून जुबेदा. इमामबी रुंद हाडाची, आवाजानं दांडगी. बोलायला लागली की समोरच्याची पाळी येईलच याची खात्री नसे. पाटलाच्या घरच्या बायकासुद्धा तिच्यापुढं हळू आवाजात बोलत, कारण पाटलाची नाळ तिच्या सासूनं कापली होती आणि पाटलाच्या पोरांची तिनं, आणि हे ती कुणाला विसरू देत नसे.

तिची सगळी विद्या तिच्या बोटांत होती. बाईला उताणं निजवायचं, हात धुऊन पदराला पुसायचे आणि बेंबीपासून वर एकेक बोट आडवं टेकवत जायचं. पोटातला कठीण गोळा जिथं संपतो तिथं थांबायचं. गोळा बेंबीला आला की सहावा महिना. तीनचार बोटं वर गेला की सातवा. पाचसहा बोटं म्हणजे आठवा. गोळा छातीच्या हाडाला टेकला की पाणी तापवायला सांगायचं. दर महिन्याला ती असं मोजायची आणि मागच्या महिन्याचा आकडा तिच्या डोक्यात पक्का असायचा. लिहिता येत नव्हतं, त्यामुळं विसरण्याची चैन तिला परवडणारी नव्हती.

अलीकडं बदनापूरच्या दवाखान्यात दायांना शिकवायचं निघालं होतं. अरुंधतीबाई नावाच्या नर्स होत्या, त्या महिन्यातून एकदा आसपासच्या गावच्या दाया गोळा करायच्या. नखं कापा, वस्तरा उकळा, नाळेला राख लावू नका, असं बजावायच्या. त्यांनी प्रत्येकीला इंचाची फीतही दिली होती. इमामबीनं ती कौतुकानं घरी आणली, दोन दिवस गळ्यात घालून मिरवली आणि मग त्या फितीनं दोरीवरचे कपडे आवळून बांधले. "माझी बोटं काय मेलीत का?" असं ती जुबेदाला म्हणाली होती. वस्तरा मात्र ती उकळायला लागली होती. तेवढं तिला पटलं होतं.

अठ्ठावन्न साली, कापूस वेचणीच्या दिवसांत, या बोटांनीच तिला कोड्यात टाकलं.

गावात दुर्गाबाईंचं घर होतं. त्यांचा मुलगा वामन बदनापूरच्या शेतकी केंद्रावर कारकून होता, सायकलनं जाऊन येऊन करायचा. त्याची बायको शरयू. बारीक अंगाची, कमी बोलणारी पोर. दोन वर्षांपूर्वी तिला पहिल्यांदा दिवस गेले होते. सातव्यात चार बोटं भरली, आठव्यातही चारच. इमामबीला तेव्हाच शंका आली होती, पण "पोर हलून राह्यलंय ना, मंग थांबू," असं म्हणत तिनं थांबवलं होतं. नवव्यात पोराची हालचाल बंद पडली. पोर मेलेलंच जन्माला आलं, मुठीएवढ्या तोंडाचं, सुरकुतलेल्या कातडीचं. मुलगा होता. शरयू रडली नाही. तिनं फक्त विचारलं, "मावशी, आठव्यातच भायेर काढलं असतं तर जगलं असतं का?" तो प्रश्न दोन वर्षं गावभर बोलणाऱ्या इमामबीच्या पोटात तसाच राहिला होता.

आता शरयूला पुन्हा दिवस गेले होते. या खेपेला इमामबीनं तिच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं. फक्त सातव्या महिन्यात मधे खंड पडला. परतूरला इमामबीचा भाऊ आजारी पडला आणि तिला तीन आठवडे तिकडं राहावं लागलं. जाताना तिनं जुबेदाला सांगितलं, "शरयूचं पोट बघून ये. बराबर मोज." जुबेदा हुशार होती, दोन वर्षांपासून सासूच्या हाताखाली शिकत होती. तिनं जाऊन मोजलं. परतूरहून आल्या आल्या इमामबीनं घरच्या बोलीत विचारलं, "क्या गे, कित्ते उंगलियाँ?"

"पाँच, अम्मा."

सातव्यातच पाच! इमामबीला इतका आनंद झाला की पायाची धूळ न झटकता ती दुर्गाबाईंच्या घरी गेली आणि म्हणाली, "आक्का, नातू गुटगुटीत हाय बघा, वेळेच्या पुढं पळून राह्यलाय." दुर्गाबाईंनी तिच्या हातावर गूळ ठेवला.

मग आठवा सरत आला आणि इमामबी स्वतः मोजायला गेली. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचाला गोळा संपला.

तिनं हात काढला. शरयूला कुशीवर वळवलं, पुन्हा उताणं केलं, गप्पा मारायचं सोंग केलं आणि पुन्हा मोजलं. पाचच.

एरवी आठव्यात पाच बोटं भरली असती तर ती "बेस हाय" म्हणून चहा पिऊन घरी गेली असती. पण महिन्यापूर्वी पाच आणि आजही पाच? पोट म्हणजे काही खुंटीला टांगलेला सदरा नव्हे, आहे तेवढाच राहायला. तिनं तळहात टेकवला. आतून एक ढुशी बसली, चांगली जोरकस. पोर हलतंय, पोर जिवंत आहे, आणि पोर वाढत नाही. मागच्या वेळेस अगदी असंच झालं होतं. तेव्हाही पोर हलतच होतं.

"किती भरली मावशी?" शरयूनं विचारलं.

इमामबीनं आयुष्यात आकडा लपवला नव्हता. "पाच," ती म्हणाली.

शरयूनं क्षणभर हिशोब केला. मागच्या महिन्याचा आकडा तिलाही पाठ होता. तिनं इमामबीचं मनगट धरलं, एवढ्या बारीक पोरीच्या हातात एवढा जोर कुठून आला कुणास ठाऊक. "मागच्या टायमाला आपण थांबलो मावशी. या टायमाला थांबू नका. जित्तं हाय तवरच काढा."

इमामबी त्या दिवशी घरी कशी आली ते तिचं तिलाच कळलं नाही. डोक्यात नुसता गोंधळ. आठव्यातलं पोर जगत नाही असं तिची सासू सांगायची. पण आठव्यातली दोन पोरं तिनं स्वतः जगवली होती, कापसात गुंडाळून, चुलीजवळ ठेवून. थांबावं तर आत सुकून जाईल. काढावं तर कच्चं निघेल. भाकर चुलीवर करपली तेव्हा जुबेदानं तिला बाजूला सारलं आणि स्वतः थापायला बसली. इमामबी तिला काही बोलली नाही, यावरूनच जुबेदा घाबरली.

शेवटी दुसऱ्या दिवशी इमामबीनं मन घट्ट केलं. कळा आणायचा काढा तिच्या सासूकडून तिच्याकडं आला होता. सगळे दिवस भरूनही बाई अडली तरच ती तो द्यायची. तो तिनं उकळला, तांब्यात भरला आणि दुर्गाबाईंच्या हातात दिला. "आक्का, आज द्यायचा न्हाई. उद्या माझी बदनापूरला बैठक हाय, नर्सबाईच्या कानावर घालून येते. परवा सकाळी मी समोर बसून पाजीन."

दुर्गाबाईंनी मान हलवली. परवा अवस होती, हे इमामबीच्या ध्यानात नव्हतं. दुर्गाबाईंच्या पक्कं होतं.

दुसऱ्या दिवशी इमामबी आणि जुबेदा एका बैलगाडीत बसून बदनापूरला गेल्या. बैठकीत अरुंधतीबाई फीत कशी धरायची ते एका गरवार बाईच्या पोटावर दाखवत होत्या. बैठक संपून बाकीच्या दाया उठल्यावर इमामबीनं सगळं सांगितलं. मागचं मेलेलं पोर, सातव्यातले पाच, आठव्यातले पाच, आणि तांब्यातला काढा.

अरुंधतीबाई काढ्याचं ऐकून ताडकन उभ्या राहिल्या, पण ओरडल्या नाहीत. मुंबईकडं शिकलेली बाई, राग आला की अगदी सावकाश बोलायची. "इमामबी, पोर वाढतंय की नाही हे एका मापावरून कळत नाही. दोन मापं लागतात."

"दोन हायत ना बाई. पाच आन् पाच."

"दोन्ही तुम्हीच घेतली?"

"न्हाई. मी परतूरला गेल्ते तवा हिनं घेतलं. पण हिला मीच शिकवलंय, बिलकुल माझ्यासारखं मोजती."

"हात पण तुमच्यासारखाच आहे का तिचा?"

इमामबीला प्रश्न कळलाच नाही. बाईंनी टेबलावरचे कागद बाजूला केले आणि दोघींना हात ठेवायला सांगितले. इमामबीनं आपला पंजा टेबलावर ठेवला. तीस वर्षं सरकी, जातं, खुरपं आणि लोकांची पोरं यांनी घडवलेला पंजा तो, त्यात गेल्या दोन पावसाळ्यांत सांधे सुजून पेरं आणखी जाड झालेली. जुबेदानं लाजत शेजारी आपला हात ठेवला. वीस वर्षांची पोर, शेवग्याच्या शेंगेसारखी बोटं. अरुंधतीबाईंनी जुबेदाची चार बोटं जुळवली आणि इमामबीच्या बोटांवर आडवी धरली. ती चार बोटं इमामबीच्या तिनांत मावली. वर थोडी जागाही उरली.

इमामबी बघतच राहिली. जुबेदाची पाच म्हणजे तिची चारही नव्हती. म्हणजे सातव्यात चारच्या आत, आणि आठव्यात पाच. म्हणजे पोर वाढलं होतं. म्हणजे कदाचित वाढलं होतं. तिनं आपला पंजा उलटा केला, सुलटा केला, जणू तो आजच कुणीतरी बदलून दिला होता. मागच्या वेळेस मात्र दोन्ही मापं तिच्याच हाताची होती आणि ते पोर खरंच गेलं होतं. मग या वेळेस काय समजायचं?

"बाई, मंग पोर वाढून राह्यलंय का न्हाई, येक काय ते सांगा."

"वाढतंय असं मी इथून सांगू शकत नाही," अरुंधतीबाई म्हणाल्या. "पण थांबलंय असं म्हणायला आता काही आधार उरला नाही. काढा देऊ नका. पंधरा दिवसांनी मोजा, तुमच्याच हातानं. मी फीत घेऊन येते."

परतीच्या बैलगाडीची वाट बघण्यात संध्याकाळ झाली असती. इमामबी चालत निघाली. काढा उद्याचा आहे, घाई नाही, असं जुबेदा सांगत होती, तेवढ्यात रस्त्यात भेटलेल्या एका बाईनं सहज विचारलं, "उद्या अवसेची कामाला सुटी का गं?" आणि इमामबी जागच्या जागी उभी राहिली. दुर्गाबाईंना ती चाळीस वर्षं ओळखत होती. अवसेच्या दिवशी त्या घरातलं शिंकं हलवू देत नसत. अवसेला घरात पोर जन्माला येऊ देतील? त्या काढा उद्यावर ठेवणार नव्हत्या. "जल्दी चल गे," एवढंच ती म्हणाली, आणि त्या वयात त्या देहानं जे काही धावता येईल ते धावली.

ऊन कलतं झालं तेव्हा दोघी दुर्गाबाईंच्या दारात पोचल्या. तांब्या चुलीजवळ होता, अर्धा रिकामा. शरयू भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या कपाळावर घाम होता.

"दुपारीच पाजला," दुर्गाबाई म्हणाल्या. "अवसेच्या आत मोकळी झालेली बरी. कळा लागून राह्यल्यात बारीक बारीक."

इमामबीनं तांब्या उचलला आणि उरलेला काढा उकिरड्यावर ओतला. मग दुर्गाबाईंच्या तोंडाचा पट्टा सुटला. "आगं काय करतीस? काल म्हणलीस सुकून राह्यलंय. आज हे काय? पोर हाय का आभाळ हाय, घडीला बदलायला?"

सायकल भिंतीला टेकवून वामनही आत आला होता. शेजारच्या दोन बायका दारात होत्या. इमामबीला खोटं बोलता आलं असतं. नर्सबाईनं नवीन औषध सांगितलं, असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. ती खाली बसली.

"आक्का, माझं चुकलं. सातव्यात जुबेदाच्या बोटांनी मोजलं आन् आठव्यात माझ्या. तिची बोटं बारीक, माझी जाड. पोरीची चूक न्हाई, मीच धाडलं तिला. तीस वर्सं मोजून राह्यले, पण ही गोष्ट माझ्या टकुऱ्यात आली न्हाई."

वामनचा चेहरा काळाठिक्कर पडला होता. त्याला ओरडायचं होतं, पण ज्या हातांनी त्याला पहिल्यांदा उचललं त्या हातांवर ओरडणं त्याला जमेना. शेवटी शरयूच बोलली. "मावशी, मला नीट सांगा. पोटातलं चांगलं हाय का वाईट हाय?"

"मला कळंना पोरी," इमामबी म्हणाली, आणि हे शब्द तोंडातून निघाल्यावर तिला रडू कोसळलं. सगळ्यांच्या समोर, पदरानं तोंड झाकून, ती लहान पोरीसारखी रडली.

मग ती शरयूजवळ सरकली आणि पोटावर तळहात टेकवून बसली. कळ यायची, पोट दगडासारखं व्हायचं, पुन्हा सैल पडायचं. जुबेदा डाव्या कुशीवर निजलेल्या शरयूला घोट घोट पाणी पाजत होती. दिवेलागणीपर्यंत दोन कळांमधलं अंतर वाढलं. मग बराच वेळ कळ आली नाही. आपण काय करतोय, हे बरोबर आहे की हेही चुकतंय, याचा इमामबीला पत्ता नव्हता. ती फक्त हात काढत नव्हती. शरयूला डोळा लागला तेव्हा दुर्गाबाईंनी इमामबीपुढं भाकरीचं ताट सरकवलं. तोंड फिरवून सरकवलं, पण सरकवलं.

पंधरा दिवसांनी तिनं मोजलं. सहा भरून वर थोडं. तिनं हात काढला, पुन्हा ठेवला, पुन्हा मोजलं. अरुंधतीबाई फीत घेऊन आल्या, त्यांनी एक आकडा वहीत लिहिला आणि म्हणाल्या, "आठ दिवसांनी परत." आठ दिवसांनी परत आल्या तेव्हा दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा होता. तरी इमामबीला झोप लागेना. गावातही कुजबुज सुरू झाली होती. इमामबीचं वय झालं, तिचा हात गेला, तिच्या तोंडूनच कबूल झालंय. खालच्या आळीतल्या एका घरानं आपल्या सुनेसाठी शेजारच्या गावची दाई ठरवली. जुबेदा चिडली, पण इमामबी तिला म्हणाली, "बोलू दे. काय खोटं बोलून राह्यलेत?"

शरयूचे दिवस भरले. कळा सकाळी सुरू झाल्या आणि सूर्य डोक्यावर येईपर्यंत पोर बाहेर आलं. बाहेर आलं आणि रडलं नाही.

जुबेदानं तोंड पुसलं. इमामबीनं पाठ चोळली, तळव्यावर टिचकी मारली. पोर अंगानं भरलेलं होतं, मागच्यासारखं सुरकुतलेलं नव्हतं, हे ती बघत होती. पण ते रडत नव्हतं, आणि तिच्या कानात स्वतःच्याच छातीचे ठोके इतके जोरात वाजत होते की पोराचं काही लागतंय का हे तिला समजेना.

शरयू डोळे गच्च मिटून पडली होती. "मावशी," ती म्हणाली, "जित्तं हाय?"

इमामबीनं ओलं पोर तसंच उचलून शरयूच्या छातीवर ठेवलं, तिचा हात धरला आणि त्या इवल्या पाठीवर पसरला.

"मला इचारू नको पोरी. तूच बघ."

शरयूची बोटं पाठीवर फिरली, मग एका जागी थांबली. तिनं डोळे उघडले नाहीत.

"काळीज चालून राह्यलंय मावशी," ती म्हणाली. "लई जल्दी जल्दी चालून राह्यलंय."

आणि मग छातीवरची ती इवली पोरगी अशी रडली की अंगणात उभ्या दुर्गाबाईंच्या हातातली घागर खाली पडली.